काठमांडूची कुमारी

प्रिय सुमे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी नेपाळात होते, म्हणून उत्तराला उशीर. शेजारच्या काकू दर नवरात्रात तुझ्या लेकीला कुमारिका म्हणून बोलवायच्या, पाय धुवून, ओटी भरून जेवू घालायच्या. यंदा तिची पाळी सुरू झाल्याचं कळलं आणि बोलावणं आलंच नाही. तुझा राग पोचला. मी मात्र ते वाचलं काठमांडूत, कुमारी पाहून आले त्याच संध्याकाळी. कुमारी म्हणजे तिथे जिवंत देवी मानून पुजतात ती लहान मुलगी.

वसंतपूरच्या दरबार चौकात कुमारी घर आहे. लाल विटांचं, लाकडी खिडक्यांवर असं कोरीवकाम की बघत राहावं. 1757 साली जयप्रकाश मल्ल राजाने बांधलं. आतल्या चौकात आम्ही माना वर करून उभे. वरच्या खिडकीत क्षणभर एक पोर आली. डोळ्यांत काजळ, अंगावर लाल कपडे, चेहरा ढिम्म. फोटो काढायचा नाही, अशी सक्त ताकीद. ती हसली नाही, आणि खरं सांगू, मीही नमस्कार करायचं विसरले.

मुलगी नेवार समाजातल्या शाक्य कुळातली, म्हणजे बौद्ध घरची. पण तिच्यात येते ती मल्लांची कुलदेवता तलेजू भवानी. हिंदू आणि बौद्ध दोघेही पाया पडतात, हे मला फार आवडलं. निवडताना बत्तीस लक्षणं पाहतात, पत्रिका पाहतात, अंगावर साधा व्रणही चालत नाही. 2025 च्या दसऱ्यात निवडलेली मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची होती. अगं, आपल्याकडे त्या वयाची पोरं धड चप्पल घालत नाहीत! कुमारीचा मान मात्र केवढा. 1768 मध्ये गोरखा राजा पृथ्वीनारायण शहाने इंद्रजात्रेच्या सणादिवशी काठमांडू जिंकलं आणि कुमारीच्याच हातून टिळा लावून घेतला. 2008 मध्ये राजेशाही गेली, आता राष्ट्रपती तिच्यापुढे वाकतात.

तिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. बाहेर निघायचं ते रथातून, नाहीतर उचलून. आणि पाळी आली, की देवी गेली. मग पोरगी घरी. रश्मिला शाक्य ही माजी कुमारी पुढे सॉफ्टवेअर क्षेत्रात गेली, पण घरी परतल्यावर तिला गर्दीत चालायला शिकावं लागलं होतं. काठमांडूशेजारच्या पाटण शहराची वेगळी कुमारी असते, ती घरच्यांबरोबर राहते. तिथल्या चनिरा वज्राचार्यला घरीच शिक्षक यायचे, कुमारी असतानाच तिने एसएलसीची, म्हणजे तिथली दहावीची, परीक्षा दिली. त्यामुळे सगळ्यांना एका मापाने मोजू नये असं मला वाटतं. सरसकट क्रूर म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2008 मध्ये प्रथा बंद केली नाही. कुमारीला शिक्षणापासून आणि बाकी हक्कांपासून वंचित ठेवता येणार नाही, एवढं बजावलं.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती पाटणचीच धनकुमारी वज्राचार्य. 1954 साली, दोन वर्षांची असताना गादीवर बसली. तिला पाळी कधी आलीच नाही! म्हणजे नियमाप्रमाणे देवी जायचं कारणच नव्हतं. तीस वर्षं ती बसली. 1984 मध्ये तिला उतरवलं, आणि तिच्या जागी लहान मुलगी आणली. धनकुमारीने ते मनापासून कधी मानलंच नाही. घरातच राहिली, तसाच लाल पोशाख, तशीच पूजा. 2015 च्या भूकंपात घर हादरलं तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी रस्त्यावर आली. साठी उलटलेली बाई.

तेव्हा मला तुझ्या काकू आठवल्या, सुमे. रक्ताचं, विटाळाचं आपण उगाच म्हणतो. धनकुमारीला कसला विटाळ? तरीही उतरवलंच ना. पोर मोठी झालेली बघवत नाही, एवढंच आहे ते. पायांवर पाणी घालायला छोटे पाय हवेत, उलट बोलणारं तोंड नको. काकू वाईट नाहीत, माझ्या आजीनेही हेच केलं असतं. पण तू लेकीला समजावताना ‘देवाचं असं असतं’ म्हणू नकोस. काकूंचं असं असतं म्हण.

तिला दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे पाठव. पाय मुळीच धुणार नाही, फराळाची भांडी घासायला लावणार आहे. आणि रात्री जागून गप्पा मारू. तुलाही यायचं असेल तर चकलीचं पीठ घेऊन ये, माझं दरवेळी बिघडतं.

तुझी,
वैजू