‘कमवा व शिका’चे तास वेळापत्रकात घ्या

संपादक महोदय,

22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती कॉलेजांतून थाटात होते. प्रतिमापूजन, व्याख्यान, चार रोपे लावणे. ‘कमवा व शिका’ योजनेत कॉलेजातच काम करून शिकणाऱ्या मुलांचे जुलै-ऑगस्टचे पैसे मात्र अनेक ठिकाणी त्या दिवशीही थकलेलेच असतात.

साताऱ्यात 1947 साली भाऊरावांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा श्रम हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता, फावल्या वेळची सोय नव्हे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, ते सकाळच्या वर्गांसह. नोकरदार मुलांना तास आटोपून कामावर जाता यावे म्हणून. दोघांनीही आधी विद्यार्थ्याचा दिवस पाहिला.

आज आधी वेळापत्रक लागते, मग उरल्यासुरल्या वेळात काम बसवतात. विज्ञान शाखेच्या मुलाचे प्रॅक्टिकल दुपारी आणि ग्रंथालयातली पाळीही दुपारीच. मग तो प्रॅक्टिकल तरी बुडवतो, नाहीतर मस्टरवर आठवड्याच्या सह्या एकदम ठोकतो. तपासणीत ते उघडे पडले की बिल अडकते. भुर्दंड त्यालाच.

पैशांचे म्हणाल तर रोज 2 तास, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 50 तास. तासाला 50 रुपये धरले तर 2500 रुपये. रक्कम किरकोळ वाटेल, पण मेसवाला तीन महिने थांबत नाही. त्यात बँकांच्या विलीनीकरणानंतरही जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड दिलेला असला, की पैसे परत जातात आणि ते पुन्हा पाठवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. कॉलेजने स्वनिधीतून 5 तारखेच्या आत आगाऊ द्यावेत, अनुदान आल्यावर वळते करून घ्यावेत. जून-जुलैतच प्रत्येकाच्या खात्यावर 1 रुपया टाकून पाहिला तर निम्मी डोकेदुखी वाचेल.

कामाची वाटणीही डोळसपणे व्हावी. वनस्पतिशास्त्राची मुलगी कार्यालयात फायली लावते, आणि रोपवाटिका सांभाळायला माणूस नसतो! नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास आहेत. विषयाशी जुळणारे, शिक्षकाच्या देखरेखीखालचे काम त्यात धरायला काय हरकत आहे? झाडलोटीचे तास मात्र त्यात घुसडू नयेत.

विद्यापीठांनी पुढच्या परिपत्रकात एक अट घालावी: योजनेच्या अर्जासोबत त्या विद्यार्थ्याचे तासांचे वेळापत्रक जोडलेले हवे. तास आणि कामाची वेळ एकमेकांवर आली, तर अर्ज नामंजूर न करता कामाची वेळ बदलण्यासाठी कॉलेजकडे परत पाठवावा.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा