तापली की न लागणारी पद्मिनी: चुकीच्या इग्निशन कॉईलबद्दल तक्रार

पुणे
दि. १२ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'प्रीमियर पद्मिनीसाठी' म्हणून विकलेली इग्निशन कॉईल त्या गाडीची नसल्याबद्दल व वॉरंटी नाकारल्याबद्दल.

महोदय,

माझी पद्मिनी १९८२ सालची. बाबांनी नंबर लावून घेतलेली, १०८९ सीसीची, स्टेअरिंगवर गिअर असलेली. तिची जुनी कॉईल, म्हणजे बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून प्लगला ठिणगी देणारा भाग, वीसेक वर्षं बिनतक्रार चालली होती. पुतणीच्या साखरपुड्याला वाईला जायचं ठरलं, तेव्हा म्हटलं लांब जायच्या आधी बदलून टाकावी. चालत्या गाड्याला खीळ घालणं म्हणतात ते हेच. १८ मार्चला आपल्या संकेतस्थळावरून १,४५० रुपयांची कॉईल मागवली आणि २३ तारखेला बसवली. पेठेत दोन-चार किलोमीटर फिरवली, तेव्हा काही जाणवलं नाही.

२० एप्रिलला निघालो. खंबाटकी घाट गाडी झकास चढली. घाट संपल्यावर चहाला थांबलो आणि दहा मिनिटांनी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरतंय, लागत नाही. दुपारचं ऊन, मागच्या सीटवर साखरेचे पुडे आणि ओटीचं सामान, पुढे पैठणी नेसून बसलेली बायको. चहावाल्याकडच्या पोरांनी धक्का मारला, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. दोन हिसके दिले आणि गप्प. पाऊण तासाने सगळं गार झाल्यावर मात्र एका सेल्फमध्ये चालू! साखरपुडा आमच्याशिवाय उरकला होता. परतताना शिरवळजवळ चालती गाडी बंद पडली. तिथून टोइंगने घरी आलो, त्याचे ४,००० रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी आपल्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, कॉईलचा प्रश्नच नाही. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांना व्हेपर लॉक होतो. फ्युएल पंपावर ओला फडका ठेवा."

असं होत नाही, असं मी म्हणत नाही. तापलेलं इंजिन बंद केलं की पंखाही थांबतो आणि पाणी फिरायचंही थांबतं. मग उष्णता वर कार्बोरेटरकडे चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं, कधी पाइपात वाफ धरते आणि पेट्रोल अडतं (हाच व्हेपर लॉक), कधी जास्तीचं पेट्रोल इंजिनात झिरपतं. फडक्याचा उपाय जुन्या मिस्त्रींकडून मीही शिकलोय. म्हणून आपलं म्हणणं खोडायच्या आधी तपासून पाहिलं.

गाडी मुद्दाम चाळीस मिनिटं पळवून आणली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो. लागली नाही. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमध्ये डोकावलो आणि हाताने थ्रॉटल ओढला, तर पेट्रोलची धार स्वच्छ दिसली. म्हणजे पेट्रोल येतंय. मग एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पिवळी, केसाएवढी, तीही मधूनच. सकाळी गार इंजिनावर हीच ठिणगी निळी आणि चटचट वाजणारी होती. पेट्रोलच्या वाफेने ठिणगी पिवळी पडत नाही. तरी आपण सांगितलं म्हणून ओला फडका पंपावर ठेवला. ढिम्म. तोच फडका पिळून, टर्मिनलना पाणी लागू न देता, कॉईलच्या अंगाभोवती गुंडाळला. फडक्यातून वाफ निघाली. पाच मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला आणि गाडी लागली.

कॉईल सोडवून मल्टिमीटर लावला. जुनीच्या प्रायमरीचा (बॅटरीकडून करंट येतो त्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स ३.१ ओहम, आपलीचा १.५. इथेच सगळं आलं. दीड ओहमची कॉईल बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलकडे जाणारा करंट आवरणारा वेगळा रेझिस्टर) असलेल्या गाड्यांसाठी असते आणि माझ्या गाडीच्या वायरिंगमध्ये बॅलास्ट नाही. पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) मिटलेले असताना १२ व्होल्टला ३ ने भागा, ४ अँपिअर येतात. दीडने भागा, ८ येतात. करंट दुप्पट, म्हणजे उष्णताही दुप्पट. कॉईल आतून भाजते, तापली की ठिणगी मरते आणि गार झाली की शहाण्यासारखी वागते. महिन्याभरात पॉइंटही जळून काळेनिळे झाले. जुनी कॉईल आणि नवे पॉइंट घातल्यापासून गाडी तीनदा घाट चढून आली. टाकीत पेट्रोल तेच इथेनॉलवालं.

'बॅलास्टसोबतच वापरावी' ही सूचना आपल्या कॉईलवर आहे, पण ती बुडाशी, क्लॅम्प बसल्यावर झाकली जाईल अशा जागी. खोक्यावर आणि संकेतस्थळावर फक्त '१२ व्होल्ट, पद्मिनीसाठी' एवढंच. हे सगळं फोटोंसकट २८ एप्रिलला ई-मेलने कळवलं. त्यावर 'चुकीच्या फिटिंगमुळे वॉरंटी लागू नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. दोन वायरी आणि एका क्लॅम्पच्या वस्तूत चुकीचं फिटिंग कुठलं, हे तेवढं कळवावं.

कॉईलचे १,४५०, पॉइंट व त्यांच्यासोबत बदललेल्या कंडेन्सरचे ५२० आणि टोइंगचे ४,००० असे एकूण ५,९७० रुपये मला परत मिळावेत. संकेतस्थळावरून ही कॉईल पद्मिनीच्या यादीतून आजच काढावी आणि ज्यांनी आधी घेतली त्यांना कळवावं. त्यातले काही जण आत्ता कुठल्यातरी घाटात फ्युएल पंपावर फडका धरून उभे असतील. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही.

कॉईल माझ्याकडेच आहे. तपासणीसाठी माणूस पाठवलात तर मल्टिमीटर मी देईन, त्याने फक्त तापल्या इंजिनासमोर दहा मिनिटं उभं राहावं.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, टोइंगची पावती, दोन्ही कॉईलच्या मोजमापाचे फोटो, जळालेल्या पॉइंटचा फोटो.