मंत्रीसाहेब, चर्चचं रजिस्टर वेगळं आणि तुमचं वेगळं

प्रति,
मा. केंद्रीय कायदा व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

साहेब, मी वसईचा, कॅथलिक. घरी सामवेदी बोली बोलतो, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत ऐकतो, दर रविवारी कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गातो, त्यामुळे हे पत्र कुणा नास्तिकाने पाठवलंय असं समजून बाजूला टाकू नका प्लीज.

विषय समलिंगी जोडप्यांच्या लग्नाचा. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजेसनी सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, स्पेशल मॅरेज ॲक्ट (धर्म न बघता लग्न नोंदवायचा कायदा) आम्ही बदलून देणार नाही, ते काम संसदेचं. निदान सिव्हिल युनियन, म्हणजे लग्न न म्हणता नात्याला कायद्याची मान्यता, तरी द्या म्हणणारे जज चंद्रचूड आणि कौल दोघंच, बाकीच्या तिघांना तेही मान्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या रिव्ह्यू पिटिशनपण फेटाळल्या. म्हणजे आता जे काय करायचं ते तुम्हीच.

आधी मी काय मानतो ते सांगतो. माझ्यासाठी लग्न म्हणजे संस्कार, एक पुरुष एक स्त्री, मरेपर्यंत. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार मिस्सेत नावं वाचतात, कुणाला काही अडचण माहीत असेल तर फादरना येऊन सांगा म्हणतात (माझं आडनाव तिन्ही वेळा चुकीचं वाचलं होतं, आई अजून तो विषय काढते). त्या रजिस्टरमध्ये दोन पुरुषांची नावं यावीत असं मी म्हणत नाहीये, आणि उद्या कुठल्या सरकारने फादरवर तशी सक्ती केली तर पहिला मी रस्त्यावर उतरेन.

पण तुमचं रजिस्टर वेगळं आहे ना.

आमचेच लोक म्हणतात की संस्कार ठेव बाजूला, हा निसर्गनियम आहे, तो बुद्धीने कळतो म्हणून बायबल न मानणाऱ्यालाही लागू, आणि सरकारलाही. व्हॅटिकनने २००३ मध्ये तर साफ लिहिलंय की अशा नात्यांना कायद्याने मान्यता देऊ नये, कॅथलिक लोकप्रतिनिधींनी विरोधात मत द्यावं. मी हे लपवत नाही. मला ते पूर्ण पटत नाही एवढंच, आणि गंमत म्हणजे माझा आधारपण आमच्याच घरचा आहे. निसर्गनियमाची मांडणी ज्यांनी इतकी बारकाईने केली त्या संत थॉमस अक्विनास यांनी १३व्या शतकातच प्रश्न घातला होता की माणसांच्या कायद्याने सगळे दुर्गुण रोखावेत का, आणि उत्तर दिलं की नाही. कायदा सगळ्यांसाठी असतो, त्यातले बहुतेक जण काही संत नसतात, म्हणून कायद्याने मोठे अपराध तेवढे धरावे, मुख्यतः खून, चोरी असले, ज्याने दुसऱ्याला इजा होते आणि समाज मोडतो.

यावर आमचे एक फादर मला म्हणाले की न रोखणं वेगळं आणि सरकारी शिक्का मारून देणं वेगळं. बरोबर आहे, दोन दिवस मला उत्तर सुचलं नव्हतं. मग घटस्फोट आठवला. चर्चच्या लेखी पहिला जोडीदार जिवंत असताना घटस्फोट घेऊन केलेलं दुसरं लग्न हे लग्नच नाही. पण १८६९ च्या कायद्याखाली ख्रिस्ती माणसाला घटस्फोट मिळतो, तो दुसरं लग्न करतो, सरकार शिक्का मारतं, सर्टिफिकेट देतं, आणि एकाही बिशपने त्यासाठी दिल्लीला मोर्चा नेल्याचं मला आठवत नाही. उलट बाजूनेही तेच, चर्चच्या ट्रिब्युनलने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कोर्टाने, लग्न रद्द ठरवलं तरी सरकारदरबारी ते चालत नाही, कोर्टाचीच डिक्री लागते, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे दोन रजिस्टरं कधीचीच आहेत आणि दोन्ही नीट चाललीत. कैसराचं कैसराला आणि देवाचं देवाला, हे आम्हाला लहानपणीच पाठ करून घेतात.

२०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत लागू झालं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस म्हणाले होते की चर्च समलिंगी माणसांना गुन्हेगार मानत नाही. लग्नाला विरोध त्यांचाही होताच.

आता आमच्या कॉयरमधला एकजण, नाव नको. पंधरा वर्षं एका माणसासोबत राहतो. गेल्या पावसाळ्यात त्या पार्टनरला ॲडमिट केलं, ऑपरेशनच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना, ह्याने लिहिलं मित्र. काउंटरवरच्या बाईंनी त्यावर रेघ मारली आणि म्हणाल्या रक्ताचं कोणीतरी आणा. भाऊ नाशिकहून आला, दहा वर्षं बोलत नव्हता तो, सही केली, चहा घेतला, गेला. हा तोवर बाहेर बाकड्यावर रोझरी (जपमाळ) घेऊन बसलेला. आमचे फादर येऊन त्याच्या शेजारी बसले, काही विचारलं नाही.

तुमच्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली या जोडप्यांच्या हक्कांसाठी कमिटी नेमली, मग पत्रकं निघाली, जॉइंट अकाउंट उघडता येईल, नॉमिनी करता येईल, रेशनकार्डावर एकत्र नाव लागेल, जवळचे नातेवाईक नसतील तर बॉडी ताब्यात घेता येईल. चांगलं केलंत, खरंच. पण बघा ना, मेल्यावर बॉडी मिळणार आणि जिवंतपणी सही चालेल की नाही ते काउंटरवरच्या बाईंच्या मूडवर! शिवाय पत्रक म्हणजे कायदा नव्हे, साहेब बदलले की ते फाइलीत जातं.

म्हणून छोटासा कायदा करा. दोन सज्ञान माणसांनी नोंद करायची, त्यावर हॉस्पिटल, वारसा, पेन्शन, पीएफ एवढं मिळू दे. त्याला लग्न म्हणायचं की अजून काही ते तुम्ही बघा, मला त्या शब्दावरून भांडायचं नाही. आणि त्यातच एक कलम घाला की कुठल्याही चर्चवर, मंदिरावर, मशिदीवर असलं नातं लावून देण्याची सक्ती होणार नाही. ते कलम असेल तर आमच्या पॅरिशमध्ये (आमच्या चर्चच्या हद्दीत) लोकांना समजावायला मी स्वतः उभा राहीन, शिव्या खायची तयारी आहे.

त्या पार्टनरचं दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. भावाला फोन लावतोय हा, तो उचलत नाहीये.

आपला,
वसईचा एक कॅथलिक मतदार