बापू, साइट काढतोयस तर

जळगाव,
१२ जानेवारी

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. सायबर सुरक्षेच्या बातम्यांची स्वतंत्र साइट काढायची, तीही मराठीत आणि धुळ्यात बसून, हे ठरवलंस ते बेस केलंस भो. नाव काय ठेवू म्हणून विचारलंयस, ते मागाहून बघू. आधी वाचक कोण ते ठरव. परदेशात कुठली कंपनी फुटली हे इंग्रजीत तासाभरात दहा ठिकाणी येतं. त्यांच्यामागे धावलास तर पहाटे तीनपर्यंत भाषांतरं करत बसशील. तुझा वाचक म्हणजे शहाद्याच्या पतसंस्थेतला क्लार्क, रावेरचा केळी व्यापारी, चोपड्याचा मोबाइल दुकानदार. प्रत्येक बातमीला दोन प्रश्न लाव: हे वाचून त्याने आज काय करायचं, आणि हे मला कशावरून कळलं. दोन्ही उत्तरं बातमीतच दिसायला हवीत. नसतील तर बातमी थांबव, दुसऱ्याने आधी छापली तरी.

नमुना म्हणून गावाच्या ग्रुपवर फिरणारी 'पीएम किसान यादी' नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, घे. 'शेतकऱ्यांनो सावधान' एवढंच लिहायला तुझी गरज नाही, ते पोलीसही सांगतात. तू ती फाइल फाडून दाखव. रोजच्या फोनवर मात्र ती घेऊ नकोस; सिम काढलेला जुना फोन नाहीतर लॅपटॉपवर वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बंदिस्त दुसरा कॉम्प्युटर, ठेव. फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, काढ आणि व्हायरसटोटलवर (फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणारी साइट) आधी नुसता हॅश शोध. मग जेडॅक्स या ॲपचा कोड उलगडणाऱ्या साधनात उघडून मॅनिफेस्ट, म्हणजे ॲप मागत असलेल्या परवानग्यांची यादी, वाच. यादी दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी कशाला? ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची परवानगी, कशाला? ओटीपी आला की असं ॲप तो गुपचूप पुढे पाठवतं. कुठे पाठवतं तो पत्ता, म्हणजे टेलिग्राम बॉटचं टोकन (त्याची किल्ली) किंवा गूगलच्या फायरबेस या ऑनलाइन डेटाबेसचा दुवा, बऱ्याचदा कोडमध्येच उघडा सापडतो.

इथे हात आवर. त्या पत्त्यावर फसलेल्या माणसांचे एसएमएस पडलेले असतात, आणि 'बघू तरी' म्हणून आत शिरणं ही विनापरवानगी घुसखोरीच. आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ एकत्र लागलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हेतू वाईट नव्हता हे कोर्टात सांगत बसण्यापेक्षा पत्ता सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळव. हेच बँकेच्या साइटला लागू: भगदाड दिसतंय अशी शंका आली तरी स्वतः ठोकून बघायचं नाही.

बातमीत फसव्या लिंका जिवंत टाकू नकोस. एचटीटीपीतल्या दोन्ही टींच्या जागी एक्स घाल आणि टिंब चौकटी कंसात ठेव, म्हणजे चुकूनही कुणाचा अंगठा पडून ती उघडणार नाही. शेवटी ठसठशीत लिही: ॲप टाकलं गेलं असेल तर फोन विमान मोडवर, दुसऱ्या फोनवरून आधी बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढून ॲप उडव. क्रम महत्त्वाचा, कारण लोक आधी ॲप उडवत बसतात आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं.

आता डेटा फुटल्याच्या बातम्या. टेलिग्रामवर कुणीतरी ओरडतो, 'अमुक बँकेचे इतके कोटी ग्राहक माझ्याकडे'. यातला बराच माल शिळा असतो, जुन्या दोन-तीन गळत्या एकत्र करून नवीन लेबल लावलेला. ओळींमधल्या तारखा बघ. सगळ्यात अलीकडची नोंद चार वर्षांपूर्वीची असेल तर बातमी तिथेच मेली. रकाने त्या संस्थेच्या फॉर्मशी जुळतात का ते बघ. ट्रॉय हंटने २०१३ मध्ये सुरू केलेल्या हॅव आय बीन पोन्डवर, म्हणजे कुठला ईमेल कुठल्या गळतीत होता ते सांगणाऱ्या साइटवर, तेच ईमेल जुन्या गळतीत सापडतात का तपास. विक्रेत्याने स्वतःच जाहिरातीत दाखवलेल्या ओळींतल्या पाच-सहा जणांना फोन करून, स्वतःची ओळख देऊन, माहिती खरी का विचार. मग संस्थेला लेखी प्रश्न पाठव आणि उत्तराला मुदत दे. पूर्ण गठ्ठा डाउनलोड करू नकोस, विकत तर मुळीच घेऊ नकोस. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पत्रकारितेला वेगळी सूट दिलेली नाही.

शब्दांतही घोळ होतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठव. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, आणखी १३.९२ कोटी गेले, एकूण सुमारे ९४ कोटी. 'बँक हॅक' म्हटलं की वाचकाला वाटतं खात्यांची वही फुटली. प्रत्यक्षात कार्डाचे व्यवहार मंजूर करणारा स्विच बाजूला सारून चोरांनी खोटा स्विच बसवला होता; मंजुरीचा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता. आपल्याकडच्या पतसंस्थेच्या संचालकाला हा फरक कळला तर तो सॉफ्टवेअरवाल्याला योग्य प्रश्न विचारेल. जिथे हॅक म्हणायचं तिथे काय फुटलं ते म्हण.

खबर देणाऱ्याला सांभाळणं सगळ्यात नाजूक. सिग्नल हे मेसेजचं ॲप वापर, फेब्रुवारी २०२४ पासून त्यात युजरनेम आहे, समोरच्याला नंबर द्यावा लागत नाही. मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत लाव. त्याला सांग, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, ऑफिसच्या वायफायवरून काही पाठवायचं नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातली जागा-वेळेची माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच येते. लोकांना हे माहीत नसतं. पीडीएफच्या गुणधर्मांत टाइप करणाऱ्याचं नाव असतं. काळी पट्टी ओढलेल्या पीडीएफमधून खालचा मजकूर कॉपी होतो, म्हणून मूळ फाइल कधीच चढवू नकोस. भरीव पट्टी टाकून त्या पानाचं चित्र बनव, धूसर करू नकोस. आणि असा कागद व्हायरसटोटलवर टाकायचा नाही, तिथली फाइल पैसे भरणाऱ्या इतर ग्राहकांना उतरवून घेता येते. एपीकेला चालतं, खबऱ्याच्या कागदाला नाही.

साइटचं सोपं आहे. वर्डप्रेस घेऊ नकोस असं माझं मत. वर्डप्रेस वाईट नाही, पण वीस प्लगइन लागतात आणि त्यातलं एक कुणी अपडेट करायचं सोडलं की साइटवर जुगाराच्या लिंका झळकतात. सुरक्षेच्या साइटवर तसं झालं तर तोंड दाखवायला जागा नाही. ह्यूगोसारख्या साधनाने नुसती एचटीएमएल पानं बनव. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, मग चोराने ठोकायचं काय? धोका उरतो तो डोमेनच्या आणि होस्टिंगच्या खात्याचा. दोन्हींना हार्डवेअर की, म्हणजे लॉगिनला लागणारी पेनड्राइव्हसारखी किल्ली, लाव, दोन घे, एक घरी कपाटात.

बातमीचा पत्ता रोमन अक्षरांत ठेव. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, लिंक कॉपी केली की त्याची टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. 'केळी' या चार चिन्हांची छत्तीस! व्हॉट्सॲपवर असली लांबलचक लिंक आली की वाचकाला तीच फसवी वाटते.

कुणाची भानगड बाहेर काढलीस तर साइटवर मारा होईल, म्हणजे खोट्या भेटींचा पूर आणून ती बंद पाडतील. ब्रायन क्रेब्स या सायबर पत्रकाराच्या साइटवर सप्टेंबर २०१६ मध्ये सेकंदाला ६२० गिगाबिटचा मारा झाला, फुकट संरक्षण देणाऱ्या अकामाई कंपनीने हात वर केले, मग गूगलच्या प्रोजेक्ट शील्डने आसरा दिला. ते न्यूज साइटना मोफत आहे, अर्ज पहिल्याच महिन्यात कर.

पैशाचं थोडक्यात. डोमेनला वर्षाला हजाराच्या आसपास, होस्टिंग जवळपास फुकट. खर्च आहे तो तुझ्या वेळेचा आणि वकिलाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे, त्यामुळे ज्यात नाव घेणार ती प्रत्येक बातमी आधी वकिलाच्या नजरेखालून जाऊ दे. अँटिव्हायरस आणि व्हीपीएनवाले कमिशन देऊ करतील. एकदा घेतलंस की त्यांच्यातलं भगदाड छापताना हात अडखळेल.

आठवड्याला दोन बातम्या पुरे. मायक्रोसॉफ्टचे पॅच, म्हणजे भगदाडं बुजवणारे अपडेट, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकरा वाजतात. जागू नकोस. बुधवारी सकाळी चहा घेऊन बस, सीसा या अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीत 'हल्ल्यांत सध्या वापरलं जातंय' असं कुठलं भगदाड आलंय ते बघ आणि फक्त तेवढ्यावर लिही. सीव्हीएसएस, म्हणजे भगदाडाच्या गंभीरपणाचे दहापैकी गुण, ९.८ आहेत म्हणून घाबरवायचं नाही, ते सॉफ्टवेअर आपल्या तालुक्यात कोण वापरतं ते विचारायचं.

वहिनींना नमस्कार. भरिताची वांगी संपायच्या आत येऊन जा.

तुझा,
नाना

ता. क. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावून ठेव, आणि ज्या कार्डावर लावशील त्याची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. नूतनीकरणाची सूचना त्याच डोमेनवरच्या ईमेलवर मागवू नकोस. डोमेन गेलं की ईमेलही जातो.