सिस्टरच्या झोपेची बाजू घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय ट्यूटर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

रिटायर झाल्यावरही तुम्ही आम्हा सिस्टर लोकांचे थकवा-ताणावरचे वर्ग घ्यायला येत राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितेय, कारण मराठवाड्यात ज्या घरातली बाई नाईट करते, त्या प्रत्येक घरानं ते वाचावं.

'स्वतःला जपा' असं आम्हाला पुष्कळांनी सांगितलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "नाईट उतरल्यावर घरी पाणी कोण भरतं?" आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि येईल तेव्हा वेळेचा नेम नाही. रात्रभर वॉर्डात सर्पदंश, फवारणीचं विष पोटात गेलेले पेशंट. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन घरी यावं, डोळा लागतो न लागतो तोच "पाणी आलं!" मग हंडे, बॅरल, लगेच स्वयंपाक. सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, हे १९९७ सालीच मोजून दाखवलंय, असं तुम्ही सांगितलंत. रोज इन्सुलिनचे डोस भरणाऱ्या आम्ही सगळ्या गप्प झालो.

पेशंटला नावानं हाक न मारता "बारा नंबर" म्हणू लागणं, कुणाच्या रडण्यानं काहीच न वाटणं, ही बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणानं आतून पार थकून जाण्याची, खूण आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. मी तर स्वभावच बिघडला म्हणून झुरत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या न निभावलेल्या ताणाचा परिणाम म्हटलंय, हे ऐकलं आणि छातीवरचं ओझं उतरलं.

पण खरे आभार पुढच्या वर्गाचे. त्याला तुम्ही आमचे नवरे, सासवा, मोठी पोरं बोलावलीत. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "मग हिनं झोपायचं तरी किती?" तुम्ही म्हणालात, "सात तास, आई. आणि दार वाजवायचं नाही." आता नाईटच्या दुसऱ्या दिवशी पाणी लेक भरतो, आणि शेजारीण आली तर सासूबाई तिला ओट्यावरच थांबवतात.

श्वासाच्या व्यायामानं नर्सच्या रिकाम्या जागा भरत नाहीत, हे तुम्ही स्पष्ट बोललात आणि इव्हिनिंग ड्यूटीनंतर लगेच मॉर्निंग लावू नये म्हणून मेट्रनशी, आमच्या मुख्य सिस्टरशीही बोललात. तेवढं दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

यंदा आमच्याकडे नव्या मुली जॉइन झाल्यात. १२ मेच्या परिचारिका दिनाला त्यांच्या घरच्यांना बोलवायचं माझ्याकडे लागलं. तुम्ही नक्की या.

आपली,
मेडिकल वॉर्डची एक स्टाफ नर्स