सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र: गाण्याच्या खोलीची वायर आणि ब्लॉकखाली गेलेला खड्डा

टिळकवाडी, बेळगाव
दि. १२ मे २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी व्यवस्थापक समिती

विषय: फ्लॅट ३०२ साठी मीटर रूमपासून स्वतंत्र वायर ओढण्याची परवानगी, आणि इमारतीच्या अर्थिंगबद्दल

आदरणीय अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या बैठकीत माझा अर्ज वाचला गेला तेव्हा मी हजर नव्हतो, नातवाच्या मुंजीला निपाणीला होतो. "गाणं ऐकायला वेगळी वायर? उद्या कोणी मिक्सरला मागेल," असं एक सदस्य म्हणाले आणि सगळे हसले, हे नंतर कानावर आलं. हसण्यासारखंच होतं ते. चार ओळींच्या अर्जात मी कारण काही दिलंच नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. कंटाळा आला तर माझ्या खोलीचा भाग सोडा, पण अर्थिंगचा, म्हणजे गळलेली वीज जमिनीत सोडणाऱ्या वायरीचा आणि खड्ड्याचा, सोडू नका. तो माझ्या एकट्याचा विषय नाही.

आमची मागची खोली आपण पाहिली आहे. वडिलांच्या रेकॉर्ड्स, वीसेक स्पूलच्या टेप्स, एक जुना अँप्लिफायर, दोन स्पीकर. गायक कुमारजी (कुमार गंधर्व) जन्मले ते इथून जवळच, सुळेभावीत, १९२४ साली, मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर) धारवाडजवळचे. या भागातल्या माणसाच्या घरात ही गाणी असणारच, त्यात माझं विशेष काही नाही. निवृत्तीनंतर दुपारी तासभर नीट बसून ऐकायचं, एवढाच छंद.

ऐकायला बसलं की अडचण यायची ती दोन ताना संपून मधे शांतता पडायची तिथं. त्या शांततेत स्पीकर गुणगुणायचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फिरते. तिचा सूर मी पेटीवर जुळवून पाहिला. पांढरी पाचच्या किंचित वर लागतो, फक्त सप्तकं खालची. आता गायकाचा सा काळी एक असेल तर हा सूर पडतो कुठं? तीव्र मध्यमाच्या जरा वर आणि पंचमाच्या खाली. तंबोरा पंचम धरून बसलाय आणि त्याच्या पायाशी कोणीतरी सतत बेसूर धरलाय. एकदा कानात बसलं की जात नाही ते. (आमच्या हिला अजून ऐकू येत नाही. ती म्हणते, तुम्हाला दुसरं काम नाही.)

एका दुकानदाराने उपाय सांगितला: अँप्लिफायरच्या प्लगची मधली जाड पिन, म्हणजे अर्थची, काढून टाका. काढली. गुणगुण खरंच निम्मी झाली आणि मी वर्षभर खूश होतो. मग दिवाळीच्या सुट्टीत नात आली, तिने रेकॉर्ड प्लेअरच्या लोखंडी पट्टीला हात लावला आणि "आजोबा, मुंग्या आल्या" म्हणून हात झटकला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पिन परत बसवली, गुणगुण परत आली, आणि मी लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हे आधीच करायला हवं होतं, कबूल.

तो हुबळीकडचा मुलगा, फार बोलत नाही. त्याने बोर्डात मीटर घातला, मग हॉलच्या बोर्डात घातला, मग जिना उतरून मीटर रूममध्ये गेला. वर आला आणि म्हणाला, "अर्थिंग इल्लरी सर, बरे वायर ऐती." अर्थिंग नाहीच, नुसती वायर आहे.

आधी माझ्या खोलीपुरतं सांगतो. माझा कॉम्प्युटर हॉलच्या बोर्डावर, अँप्लिफायर मागच्या खोलीच्या बोर्डावर, आणि दोघांना जोडणारी आवाजाची बारीक वायर मधे. दोन बोर्डांची अर्थ दोन वेगळ्या वाटांनी खाली जाते. त्या दोन वाटांमध्ये थोड्या व्होल्टांचा जरी फरक असला तरी करंट आवाजाच्या वायरच्या जाळीतून वाहतो आणि स्पीकर तो इमानदारीने वाजवून दाखवतो. यावर पिन काढणं हा उपाय नव्हे. सगळी यंत्रं एकाच लाइनवर, एकाच जागी आणणं हा उपाय. शिवाय माझ्या घराची आत्ताची मेन वायर १९९६ सालची, तिच्यावरच गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन. गिझर २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. तो लागला की दिवा डोळा मिचकावतो आणि फ्रिज बंद होताना स्पीकरमधून टक्.

म्हणून मागतोय ती लाइन अशी: मीटरच्या पुढे, माझ्याच मेन स्विचनंतर, १६ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण). तिथून ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन वायरी, फेज, न्यूट्रल आणि तेवढ्याच जाडीची हिरवी अर्थ, डक्टमधून पाइपात घालून तिसऱ्या मजल्यावर, साधारण २८ मीटर. खोलीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारं बटण) आणि एकाच बोर्डावर १६ अँपिअरचे सॉकेट, बस्स. एमसीबी सी प्रकारचा घेतोय. मोठा ट्रान्सफॉर्मर असलेलं यंत्र चालू होताना क्षणभर भरपूर करंट खेचतं, बी प्रकारचा असला तर उगाच पडतो.

एवढ्याशा अँप्लिफायरला एवढी जाड वायर कशाला, असं कोणीतरी विचारेलच. माझा सगळा संच ३०० वॅटच्या आतला आहे, सव्वा अँपिअर धरा. करंटसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायरही पुरली असती. पण वायर एकदाच ओढायची असते, वरच्या आकाराला पैसे थोडेच जास्त पडतात, आणि अर्थची वाट जितकी जाड तितकी बरी. याच्यापुढे मात्र मी जाणार नाही. दीड मीटरच्या पॉवर कॉर्डला हजारो रुपये मोजणारे शौकीन मला माहीत आहेत. खांबापासून इमारतीपर्यंत अॅल्युमिनियमची तार, तिथून आत २९ वर्षांचं तांबं, आणि शेवटच्या दीड मीटरला चांदी! तो माझा धर्म नव्हे.

आता खरा विषय.

त्या मुलाने मीटर रूममध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट मोजले. रात्री दहाला ३ आले. सकाळी सात वाजता, म्हणजे सगळ्या घरांचे गिझर चालू असताना, १४. नीट असलेल्या इमारतीत हे एक-दोनच्या आसपास राहायला हवेत. मग आम्ही अर्थिंगचा खड्डा शोधायला लागलो. मूळ नकाशात तो पार्किंगच्या कोपऱ्यात, नारळाजवळ दाखवलाय. तिथं काहीच नाही. वॉचमनने डोकं खाजवत सांगितलं, "साहेब, ब्लॉक बसवले तवा त्येच्याखाली गेलाय की तो." आपण तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा खड्ड्याचं लोखंडी झाकणच गाडून टाकलं. त्यानंतर त्यात ना पाणी पडलं ना मीठ. मी तेव्हा समितीत होतो, तेव्हा हा दोष दुसऱ्या कुणाचा म्हणून लिहीत नाही.

वॉचमनच्या मदतीने दोन ब्लॉक उचलून (परत बसवले आहेत) अर्थ टेस्टरने मोजलं तेव्हा ३८ ओम आले (ओम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, जितका कमी तितका बरा). कंत्राटदार राहत्या इमारतीला ५ ओमच्या आत धरतात. आपली तांबडी, जांभ्याची जमीन मे महिन्यात वाळून दगड होते, त्यामुळे हा आकडा वर्षातला सगळ्यात वाईट असणार, हे खरं. पण मोजायचं ते वाईट दिवसातच. जुलैत बेळगावात कुठंही सळई खुपसली तरी आकडा चांगलाच येईल.

३८ ओम म्हणजे नेमकं काय, ते समितीतल्या प्रत्येकाने एकदा कागदावर करून बघावं. समजा एखाद्या घरात गिझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीच्या पत्र्याला लागला. २३० व्होल्ट भागिले ३८ ओम, म्हणजे अर्थमधून फार तर ६ अँपिअर वाहणार. गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो ६ अँपिअरला कशाला पडेल? तो जन्मभर पडणार नाही. पत्रा, नळ, पाणी, सगळ्यात वीज, आणि बोर्डावरचं बटण जागच्या जागी. त्याहून वाईट, ती वीज त्या एका घरात राहत नाही. अर्थची वायर सगळ्या घरांना एकच असल्यामुळे शेजारच्या फ्रिजलाही ती पोचते. हाच खड्डा ५ ओमचा असेल तर करंट होतो ४६ अँपिअर आणि तोच एमसीबी मिनिटाच्या आत पडतो.

माझ्या स्पीकरमधल्या गुणगुणीचं मूळही काहीसं इथेच असावं. प्रत्येक घरातून थोडी थोडी गळती त्या एकाच खड्ड्यात जाऊ बघते, खाली वाट अडलेली, म्हणून अर्थच्या वायरवरच व्होल्ट चढून बसतात. तुमच्या घरातही ते आहेत. तुमच्याकडे फक्त ते ऐकवणारं यंत्र नाही.

त्याच दुकानदाराने मला आणखी एक सल्ला दिला होता: गाण्याच्या खोलीसाठी बागेत स्वतःची वेगळी सळई ठोका, इमारतीच्या अर्थला जोडूच नका, आवाज काचेसारखा स्वच्छ होईल. हा सल्ला मी ऐकणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही सोसायटीने ऐकू देऊ नये. एका घरात एकमेकांना न जोडलेल्या दोन अर्थ ठेवल्या आणि वळवाची वीज जवळ पडली, तर एकाच खोलीतल्या दोन सॉकेटांत क्षणभर हजारो व्होल्टांचा फरक उभा राहतो. खड्डे दोन करा, चार करा, पण सगळे एकमेकांना जोडलेले हवेत. मागच्या वर्षीच्या वळवात लिफ्टचं कार्ड आणि सहा घरांचे इंटरकॉम गेले, तो खर्च आपण सगळ्यांनी वर्गणी काढून भरला. सर्ज प्रोटेक्टर बसवू या असं तेव्हा ठरलं होतं. जरूर बसवू, पण तो आलेला झटका जमिनीत सोडतो. जमीनच दारं लावून बसली असेल तर तो सोडणार कुठं?

तेव्हा माझी विनंती अशी. जुन्या खड्ड्याजवळ तीन मीटरची तांब्याचा मुलामा असलेली नवी सळई ठोकून, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून ती जुन्या पाइपला जोडावी, वर उघडता येईल असं झाकण ठेवावं, आणि दर मे महिन्यात मोजून आकडा नोटीस बोर्डावर लावावा. या कामाचा अर्धा खर्च मी देतो. फार मोठं दातृत्व समजू नका, माझ्या लाइनला चांगली अर्थ मिळाल्याशिवाय ती ओढून उपयोग नाही. माझ्या वायरीचा सगळा खर्च अर्थातच माझा. आणि ज्या घरांत अजून आरसीसीबी नाही त्यांनी तो या पावसाळ्याआधी बसवावा असं एक परिपत्रक आपल्या सहीने निघालं तर बरं. ३८ ओमच्या खड्ड्यावरही तो ३० मिलीअँपिअरला पडतो, म्हणजे खड्डा होईपर्यंत जीव वाचवेल तो तोच.

मिक्सरवाल्या सदस्यांना सांगा, त्यांनी मागितली तरी द्यावी. नियम सगळ्यांना एकच असू दे. लायसनवाला कंत्राटदार, डक्टमधून पाइप, स्लॅबला किंवा बीमला भोक नाही, आणि केबल टीव्ही व इंटरनेटच्या वायरींपासून हातभर अंतर. त्या वायरी आत्ता पाइपांना कडबा बांधावा तशा बांधल्यात, त्याही एकदा सोडवायला हव्यात. वीज कंपनीचं, म्हणजे हेस्कॉमचं, मीटर आणि सील यांना हात लागणार नाही. माझा मंजूर लोड ३ किलोवॅट आहे, त्यात वाढ नाही.

आवाजाबद्दल खालच्या मजल्यावरच्या वहिनींची शंका मला कळली. रात्री दहानंतर मी सुई खाली ठेवत नाही, आणि त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ विचारून घेतली आहे.

कोटेशन, मोजमापाचा कागद आणि खोलीचा नकाशा सोबत जोडला आहे. समितीतल्या दोघांना सोयीचं पडावं म्हणून अर्जाची कन्नड प्रतही आहे. त्यात चुका असतील तर माझ्या मुलीच्या, मी फक्त सही केली. आकडे खरे की खोटे हे माझ्या शब्दावर घेऊ नका. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, व्हॅक्सिन डेपोची फेरी चुकवून, खाली या. तो मुलगा टेस्टर घेऊन येणार आहे आणि सात वाजता गिझर लागतात. मीटर रूमची किल्ली आपल्याकडे आहे, तेवढी आणा.

आपला,
फ्लॅट क्र. ३०२