शिक्षक निवडायला बसशील तेव्हा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या निवड समितीवर तुला घेतलं, याचा आनंद आहेच. पण डोक्यात घोळत राहिला तो तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद. एक उमेदवार स्वतः कर्णबधिर आहे, तिचं प्रशिक्षण पूर्ण आहे, गुणही चांगले आहेत, आणि तरी समितीतले दोघं म्हणतात, "मग मुलांना बोलायला कोण शिकवणार?"

हा प्रश्न फार जुना आहे. तो एकदा विचारला की मुलाखत तिथेच संपते, बाकीचं नुसतं सोपस्कार म्हणून होतं. म्हणून आधी त्याचंच उत्तर तयार ठेव.

एका कागदावर शिक्षकाचा दिवस मांड. वाचन, लेखन, गणित, परिसर अभ्यास, वह्या तपासणं, वर्ग सांभाळणं, पालकांना भेटणं, सकाळी मुलांची श्रवणयंत्रं तपासणं आणि उच्चारांचा सराव. यातल्या शेवटच्या दोन कामांनाच ऐकणारा कान लागतो. उच्चारांचा सराव हे मुळात वाचाउपचारतज्ज्ञाचं काम, एकेका मुलाला घेऊन करायचं. सकाळच्या तपासणीतही बॅटरी मापकावर डोळ्यांनी बघता येते. राहिलं काय, तर यंत्राचा आवाज नळी लावून ऐकणं आणि तोंड झाकून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी काढून मूल ओळखतं का ते बघणं. आठ मुलांच्या वर्गाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ते दुसरं कोणीही प्रशिक्षित माणूस करू शकतं. तेवढ्या कामासाठी अख्ख्या दिवसाची शिक्षिका नाकारायची का, असा प्रश्न समितीपुढे ठेव. आणि लगेच दुसराही विचार: ऐकू येणाऱ्या उमेदवारांपैकी किती जणांना मुलांच्या खुणांच्या भाषेत सलग दहा मिनिटं बोलता येतं? हे बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. कर्णबधिर उमेदवाराला न येणारी एक गोष्ट मोजायची आणि ऐकणाऱ्याला न येणारी भाषा मोजायचीच नाही, भेदभाव नेमका इथे होतो.

समितीत कोणी म्हणेल, आमची शाळा मौखिक पद्धतीची आहे, म्हणजे खुणा न करता बोलूनच शिकवतो, मुलं ओठ वाचतात. मग आरशासमोर उभी राहा आणि आवाज न काढता म्हण: पार, बार, भार, मार. चारही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. क, ख, ग तर घशाजवळ तयार होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. ज्याला भाषा आधीच येते तो संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो. ज्या मुलाला अजून भाषाच मिळालेली नाही, ते कशाने भरणार? श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचं यंत्र) यांनी कित्येक मुलांना खरंच फायदा होतो, तो नाकारू नकोस. पण फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, गोंगाटात आणि लांबून ऐकताना तो कमी होतो, आणि यंत्र काढलं की मूल पुन्हा शांततेत जातं. पहिली चार-पाच वर्षं भाषा रुजण्याची. यंत्र कितपत लागू पडतंय हे बघण्यात ती गेली, तर मागाहून भरून काढणं फार अवघड जातं. खुणांची भाषा शिकवली की मूल बोलायचं टाळतं, ही भीती पालकांना घातली जाते. तिला आधार नाही. पहिली भाषा पक्की झाली की दुसरी तिच्यावर उभी राहते, मग ती बोलायची असो की लिहायची.

थोडा इतिहास सांगते, कारण समितीतले ज्येष्ठ "पूर्वीपासून असंच चालत आलंय" म्हणतील. तसं नाही. पॅरिसला अठराव्या शतकात आबे द लेपे यांनी खुणांमधून शिकवणारी शाळा उभी केली. पुढे तिथलेच कर्णबधिर विद्यार्थी शिक्षक झाले. त्यांतले लोराँ क्लेर अमेरिकेला गेले आणि 1817 मध्ये थॉमस गॅलोडेट यांच्यासोबत त्यांनी हार्टफर्डची शाळा सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या अशा शाळांमध्ये दहातले सुमारे चार शिक्षक कर्णबधिर होते. मग 1880 मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणाबद्दल आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 164 प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर एकच, जेम्स डेनिसन. खुणांपेक्षा बोलणं श्रेष्ठ, आणि शिकवताना निव्वळ मौखिक पद्धतच वापरावी, असे ठराव तिथे झाले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तर 1883 मध्ये कर्णबधिर शिक्षक नेमूच नयेत, असा आग्रह मांडला. शाळा मौखिक झाल्या आणि जे शिक्षक बोलून शिकवू शकत नव्हते, त्यांच्या जागा गेल्या. अमेरिकेतलं कर्णबधिर शिक्षकांचं प्रमाण पुढच्या काही दशकांत 15 टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपलं.

सई, हे नीट बघ. पद्धत कोणती चांगली, हा वाद वर्गात मुलांची प्रगती मोजून मिटला नाही. तो नेमणुकांनी मिटवला. ज्यांच्या हातात ती भाषा होती त्यांना दाराबाहेर ठेवलं, आणि मग खुणांनी शिकवता येतं हे दाखवायला कोणी उरलंच नाही. 1960 मध्ये अमेरिकेतले भाषाअभ्यासक विल्यम स्टोकी यांनी खुणांच्या भाषेला स्वतःची रचना आणि व्याकरण आहे हे मांडलं. 1981 मध्ये स्वीडनने तिला कर्णबधिरांची भाषा म्हणून मान्यता दिली आणि द्विभाषिक शिक्षण, म्हणजे खुणांची भाषा आणि स्वीडिश दोन्ही, सुरू केलं. मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला मात्र 2010 ची, कर्णबधिरांच्या शिक्षणाबद्दलचीच, कॅनडातल्या व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा. त्याचं 24 वं कलम खुणांची भाषा येणारे शिक्षक नेमायला सांगतं, आणि त्यांत अपंग शिक्षकही असावेत असं स्पष्ट म्हणतं. 27 वं कलम भरतीतल्या भेदभावाबद्दल आहे. दोन्ही कलमांची प्रत फाइलला लाव.

आता कामाचं. मुलाखतीपेक्षा पाठ महत्त्वाचा धर. सगळ्या उमेदवारांना तोच उतारा, तीच वीस मिनिटं आणि शक्यतो सारख्याच तयारीची सहा-आठ मुलं दे. मुलं अर्धवर्तुळात बसव, खिडकी शिक्षकाच्या पाठीमागे येऊ देऊ नकोस, नाहीतर चेहरा आणि हात काळे दिसतात. पाठ संपल्यावर मुलांना पाच प्रश्न विचारायचे, ते विचारणारी व्यक्ती खुणांची भाषा अस्खलित जाणणारी हवी आणि ती पाठाच्या वेळी खोलीत नको. गुण मुलांच्या उत्तरांना.

हे एवढ्यासाठी सांगते की समितीचे कान समितीला फसवतात. ऐकू येणारे बरेच शिक्षक बोलता बोलता खुणा करतात. बोलणं भरभर पुढे जातं, हात मागे पडतात आणि शब्द गळायला लागतात. समज, शिक्षक म्हणाले, "पाऊस पडला नसता तर पीक वाळलं असतं." हातांनी झालं एवढंच: पाऊस, पीक, वाळणे. 'नसता' हातातून निसटलं. 'तर' खरं म्हणजे भुवया उंचावून दाखवायचा, पण चेहरा बोलण्यात गुंतलेला. समितीला वाक्य पूर्ण ऐकू आलं, तिने मान डोलावली. मुलांना दिसलं की पावसाने पीक वाळलं. उत्तर चुकलं की दोष मुलाच्या बुद्धीला.

आता कर्णबधिर शिक्षिकेच्या पाठात काय बघायचं ते सांगते. 'बाष्पीभवन' हा शब्द घे. ती फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवेल, तो बोटांनी अक्षर-अक्षर लिहून दाखवेल, खूण करेल, पाणी तापून वर जाताना हातांनी उभं करेल आणि पुन्हा फळ्यावर येईल. खूण आणि छापील शब्द यांची ही साखळी म्हणजेच वाचन शिकवणं. आणि तिचं थांबणं बघ. "पुस्तक उघडा, पान 14, दुसरा परिच्छेद" असं सलग सांगितलं, तर पुस्तक म्हणताच आठही माना खाली जातात आणि पुढचं कोणीच बघत नाही. डोळे पुस्तकात आणि हातांवर एकाच वेळी राहू शकत नाहीत. जाणती शिक्षिका पान उघडेपर्यंत थांबते, सगळे डोळे वर आले की पुढचं सांगते. पाठ संथ वाटेल. त्या संथपणाचे गुण कापू देऊ नकोस.

मुलाखतीला दुभाषी शाळेने नेमायचा, उमेदवाराचा भाऊ किंवा मैत्रीण चालणार नाही. तासापेक्षा जास्त वेळ जाणार असेल तर दोन दुभाषी घे. ते साधारण वीस मिनिटांनी आलटून-पालटून काम करतात, थकलेला दुभाषी चुका करतो आणि त्या चुका उमेदवाराच्या नावावर जमा होतात. विषयातले शब्द आणि नावं त्यांना आधी पाठव. दुभाषी समितीच्या बाजूला बसेल, म्हणजे उमेदवाराला तुम्ही आणि तो एका नजरेत दिसाल. बोलताना तिच्याकडे बघा. "तिला विचारा की..." असं म्हणू नका, थेट "तुम्ही" म्हणा. एका वेळी एकानेच बोलायचं. भाषांतर थोडं मागून येतं, म्हणून प्रश्न संपताच उत्तर आलं नाही तर ती अडखळली असं लिहू नका.

आग लागली तर तिला कसं कळणार, हा प्रश्न कोणीतरी काढेलच. तेव्हा शाळेत चमकणाऱ्या दिव्यांची सूचनायंत्रणा आहे का, ते विचार. नसेल तर मुलंच आज धोक्यात आहेत, तिला नेमा किंवा नका नेमू. पालकांशी कसं बोलणार, हाही येईल. दुभाषी, लेखी निरोप, व्हिडिओ कॉल, सगळं आहे. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. आपलं मूल मोठं होऊन कसं जगेल, याचं चित्र त्यांच्यापाशी नसतं. शिकलेली, पगार घेणारी, वर्ग सांभाळणारी कर्णबधिर बाई समोर आली की त्यांचे प्रश्नच बदलतात. मुलांचेही बदलतात.

एक मात्र सांभाळ. कर्णबधिर आहे एवढ्यावर कोणाला घेऊ नकोस. तिचं लेखन तपास, विषयाची तयारी तपास, मुलाची चूक तिला कुठे दिसते ते तपास, अगदी इतरांइतक्याच कडकपणे. आणि दुसरी एक पळवाट असते: "शिक्षक नको, सहायक म्हणून घेऊ." मग मुलांना समजावण्याचं खरं काम तीच करते आणि पद व पगार दुसऱ्याचा राहतो. पात्रता शिक्षकाची असेल तर नेमणूक शिक्षकाचीच.

नाकारायची वेळ आली तर कारण लेखी, पाठाच्या गुणांसकट नोंदवायला लाव. "संवादात अडचण" एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नकोस. कोणाला कोणाशी, कोणत्या भाषेत अडचण, ते लिहायला सांग. घेतली तर पहिल्या दिवसापासून शिक्षकसभेला दुभाषी आणि सूचना लेखी, हे नेमणुकीच्या पत्रातच टाका. नाहीतर सभेतले निर्णय तिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडून कळतात, आणि बढतीच्या वेळी तीच मागे असते.

दुभाषी ऐनवेळी मिळत नाहीत. उद्याच फोन कर.

तुझी,
आई